रिटायर्ड पोलीस बाबांसोबत दादरमधे बघितलेला फ्लॉरेन्सचा राजवाडा (स्लाइड शोचा रिव्ह्यू, ५ पैकी साडेतीन)

गेल्या रविवारी दादर वेस्टला एका छोट्या हॉलमधे इटलीतल्या जुन्या इमारतींवर स्लाइड शो होता. तिकीट ३५०, इंटरव्हलचा वडा-चहा त्यातच, सिनियर सिटिझनला सूट नाही. मी एकटाच जाणार होतो पण बाबा म्हणाले मीपण येतो, घरी बसून काय करू. बाबा मुंबई पोलीसमधून एएसआय म्हणून रिटायर झालेत आणि इटली म्हणजे पिझ्झा एवढीच त्यांची ओळख. मुलुंडहून निघालो तर मेगाब्लॉक, धावतपळत पोचलो तर शोच वीस मिनिटं उशिरा सुरू झाला, हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. बाबांच्या गुडघ्यांचा अर्धा स्टार तिथेच गेला.

मला वाटलेलं चार-पाच राजवाडे भराभर दाखवून मोकळे होतील. पण बोलणारे सर, स्वतः आर्किटेक्ट, अडीच तास एकाच इमारतीवर बोलले, फ्लॉरेन्सचा बार्जेल्लो, आता तिथे पुतळ्यांचं म्युझियम आहे. आणि सुरुवात पुतळ्यांपासून न करता इथे कोण कोण राहून गेलं तिथून केली, पैसे वसूल झाले ते ह्याच भागात.

१२५५ मधे काम सुरू झालं, शहरातली सगळ्यात जुनी सरकारी इमारत. आधी 'कापितानो देल पोपोलो' म्हणजे साध्या नागरिकांच्या बाजूचा अधिकारी इथे होता, मग पोदेस्ता, म्हणजे शहराचा कारभार आणि न्याय बघणारा वरचा अधिकारी. हा पोदेस्ता प्रकार भारी आहे, तो मुद्दाम बाहेरगावचा आणायचे, कारण शहरातल्या घराण्यांची एकमेकांत इतकी भांडणं की लोकल माणसावर कोणाचाच भरवसा नाही. तो आपले न्यायाधीश, आपली माणसं घेऊन यायचा, सहा महिने ते वर्षभर काम करायचा आणि जाताना त्याचाच हिशोब तपासला जायचा. बाबा माझ्या कानात, "सहा महिने? अरे पंचनाम्याचे कागद जुळायच्या आत बदली!" पुढच्या रांगेतल्या काकू वळून हसल्या. त्या पोदेस्तांची दगडी कुलचिन्हं अजून अंगणाच्या भिंतीवर आहेत, आपल्याकडे ऑफिसात साहेबाच्या खुर्चीमागे आधीच्या साहेबांच्या नावांचा बोर्ड असतो ना, अगदी तसं.

मग १५७४ मधे फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याने तिथे पोलीसप्रमुख बसवला. त्या पोलीसप्रमुखालाच बार्जेल्लो म्हणायचे, नाव आलं ते तिथून, आणि इमारतीचा तुरुंग झाला. मोठ्या सभागृहात भिंती घालून कोठड्या पाडल्या. इथून बाबा सरसावून बसले. म्हणाले, म्हणजे उद्या क्रॉफर्ड मार्केटच्या आयुक्तालयात पुतळे ठेवले आणि लोक तिकीट काढून म्हणायला लागले चला 'कमिशनर' बघून येऊ, तसंच की हे. ह्यापेक्षा सोपं करून मला सांगता आलं नसतं.

फाशीचा भाग सरांनी उगाच रंगवला नाही ते बरं केलं. एकच गोष्ट सांगितली, १४७८ मधे जुलियानो मेदिचीचा खून करणारा बर्नार्दो बारोन्चेल्ली पळून पार कॉन्स्टँटिनोपलला (आताचं इस्तंबूल) गेला, तिथल्या सुलतानाने त्याला धरून परत दिला आणि १४७९ च्या डिसेंबरात ह्याच इमारतीच्या खिडकीतून लटकवला. लिओनार्दो दा विंचीने ते प्रेत बघून स्केच काढलं आणि बाजूला कपड्यांची नोंद केली, निळा कोट, आत कोल्ह्याच्या कातडीचं अस्तर वगैरे. बाबा लगेच, "हा बघ, खरा पंचनामा!" पुढे १७८६ मधे तिथला राजा, ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दोने तोस्कानात, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, मृत्युदंडच बंद केला, तोपर्यंत अंगणातल्या विहिरीजवळ हे सगळं चालायचं.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती कवी दान्तेची गोष्ट. १३०२ मधे गुब्बिओहून आणलेल्या पोदेस्ताने दान्तेला आधी हद्दपार केला आणि मग परत आलास तर जिवंत जाळू अशी शिक्षा सुनावली. आणि त्याच पोदेस्तांच्या वाड्यातल्या चॅपेलमधे (छोटं प्रार्थनाघर) चित्रकार जोत्तो आणि त्याच्या शिष्यांच्या नावावर असलेल्या चित्रात दान्तेचा चेहरा आहे! मधे भिंतीला चुना फासलेला, तो १८४० मधे खरवडला तेव्हा सापडला, त्यातही चेहऱ्यात ठोकलेला खिळा काढताना डोळ्यालाच भोक पडलं. आणि हे तेच चॅपेल जिथे फाशीची शिक्षा झालेले शेवटची रात्र काढायचे.

१८५९ ला पोलीस गेले, फ्रान्चेस्को माझ्झेईने डागडुजी केली आणि १८६५ ला म्युझियम उघडलं. मधली गोम सरांनी छान दाखवली, आपण आत जाऊन अहाहा काय मध्ययुगीन रंगकाम म्हणतो त्यातलं बरंच ह्या डागडुजीच्या वेळचं आहे. हॉलमधे कोणीतरी विचारलं असं आपल्याकडे काय, तर सर म्हणाले आपल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत पहिल्या महायुद्धात लष्करी हॉस्पिटल होती, म्युझियम म्हणून उघडली १९२२ मधे. बाबांनी डोंगरीचं सांगितलं, टिळक-आगरकर १८८२ मधे १०१ दिवस होते तो तुरुंग, तिथे नंतर मुलांचं निरीक्षणगृह झालं, ड्युटीवर असताना ते मुलं सोडायला जायचे तिथे. सरांनी ते वहीत लिहून घेतलं, बाबा घरी येईपर्यंत त्याच खुशीत.

इंटरव्हलचा वडा एक नंबर, लसणाची चटणी सुकी आणि मस्त झणझणीत, चहा मात्र नुसतं गोड पाणी.

इंटरव्हलनंतर गाडी घसरली. दोनातेल्लोचा ब्राँझचा डेव्हिड, मायकलअँजेलोचा बाखस (दारूचा देव), बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या ब्राँझ दारांसाठी झालेल्या १४०१ च्या स्पर्धेतले गिबेर्ती आणि ब्रुनेल्लेस्कीचे पॅनेल, सगळं चाळीस मिनिटांत कोंबलं. प्रोजेक्टर इतका फिकट की ब्राँझ आणि संगमरवर सारखेच दिसत होते, एकाच विषयावर दोघांनी केलेले पॅनेल शेजारी ठेवून फरक समजावा तर तेवढ्यात पुढची स्लाइड. एक तर हा भाग वेगळ्या दिवशी ठेवा नाहीतर प्रोजेक्टर बदला.

एकूण काय तर जे टूरबरोबर फ्लॉरेन्सला जाणार आहेत त्यांनी आधी हे बघून जा, आमच्या शेजारच्या काकू दोन वर्षांपूर्वी जाऊन आल्या आणि ह्या इमारतीसमोर त्यांचा फक्त आइस्क्रीमचा फोटो आहे. पुढच्या महिन्यात व्हेनिसचा 'फोंदाको देई तुर्की' आहे, तेराव्या शतकातला वाडा, १६२१ पासून १८३८ पर्यंत तुर्की व्यापाऱ्यांची वखार आणि आता नॅचरल हिस्टरी म्युझियम. बाबांनी निघतानाच दोन सीट सांगून ठेवल्यात, लिफ्ट चालू असेल तर येतो असं आयोजकांना तोंडावर बजावून.