गुलमोहर पाडायला घेतलेलं पेट्रोल कटर : आठ महिने वापरल्यावर

लातूरच्या घरामागचा गुलमोहर काढायचा म्हणून फेब्रुवारीत 58 सीसीचं, 22 इंची बारचं (बार म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) पेट्रोल कटर, म्हणजे साखळीची करवत, घेतलं. 1993 च्या भूकंपानंतर वडिलांनी हे घर बांधलं आणि भिंतीपासून जेमतेम सहा फुटांवर हे झाड लावलं. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हाही आई भांडी विसळलेलं पाणी याच्याच बुडात ओतायची. तोडायला हात धजत नव्हता. पण मागच्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात मांडीएवढी फांदी पत्र्यावर कोसळली आणि लेकरं थोडक्यात वाचली.

आधी परवानगी घ्या. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही.

मशीन दमदार आहे. नवं असताना पेट्रोलच्या लिटरमागे 40 मिली टू-स्ट्रोक ऑइल घालून चालवलं. साखळीच्या तेलाची टाकी वेगळी असते, ती कोरडी पडू देऊ नका, बार जळतो. पण घराला खेटून उभं झाड नुसत्या मशीननं पडत नाही. झाडावर चढणारे मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, बुडाला हात लावू नका. आधी डोकं उतरवू." प्रत्येक फांदीला वरच्या बेचक्यातून दोर घालून बांधायची, मग कापायची आणि हळूहळू खाली सोडायची. दोन दिवस गेले, पण एक कौल फुटला नाही. चढून कापायला हे मशीन जड आहे. वर त्यांनी हातकरवतच वापरली. खरी मजुरी दोराची आणि त्यांच्या हाताची, ती देताना घासाघीस करू नका.

खोडाचे तुकडे करताना छातीएवढ्या उंचीवर एकदम ठिणग्या उडाल्या. वडिलांनी कपड्यांच्या तारेसाठी ठोकलेला खिळा लाकडानं पार गिळला होता. साखळीचे चार दात गेले. जुन्या घरातल्या झाडाला खिळे, तारा आहेत का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा. भुशाचे कपचे पडायचे थांबून पीठ पडायला लागलं की धार गेली समजायचं आणि गोल कानस काढायची. माती लागली तर धार मिनिटात जाते, म्हणून बुंधा जमिनीलगत कापायच्या नादाला लागू नका. आमचा बुंधा शेवटी कुदळीनं खणून, मुळ्या कुऱ्हाडीनं तोडून काढला. त्यालाच सगळ्यात जास्त दिवस लागले.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. काळ्या मातीतलं पाणी झाड ओढतं तेव्हा ती आकसते. झाड गेलं की पावसात तीच फुगते. या पावसाळ्यात मागचं दार चौकटीत अडकायला लागलं. भिंतीच्या भेगेवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे, दर महिन्याला बघतो. आणि सावली गेल्यामुळे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघराची ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असायची. आई काही बोलली नाही, फक्त पोळ्या पहाटे करायला लागली.

आता मशीन शेतावर बांधाच्या बाभळी छाटायला जातं. एका झटक्यात सुरू होतं. साखळी मात्र दिवाळीनंतर नवी टाकणार, जुनीला फार तर दोनदा धार लागेल.