दिवसभर सरळ वागलेला रिक्षावाला

गेल्या डिसेंबरात आईला घेऊन अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला गेलो होतो. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायची होती, म्हणजे हातात एकच दिवस. दर्शन झाल्यावर देवळाबाहेर एक रिक्षावाला पुढे आला. "न्यू पॅलेस, खासबाग, रंकाळा, सगळं दावतो. पाचशे द्या. काकूंना कशाला चालवताय?"

माणूस दिवसभर सोन्यासारखा वागला, हे आधी सांगतो. न्यू पॅलेसला आम्ही दीड तास लावला, तरी थांबण्याचे पैसे मागितले नाहीत. खासबागेत, कुठंही बसा कुस्ती दिसणारच, हे त्यानं आईला पायऱ्यांवर बसवून पटवलं. रंकाळ्यावर मी भेळेकडे वळलो तर म्हणाला, "हितं नको दादा, ज्यादा लावत्यात." आईनं तर त्याला अर्धी पोळी खायला लावली.

वडिलांनी एकच गोष्ट मागितली होती, कापशी चप्पल, म्हणजे कोल्हापुरीचाच एक प्रकार. मी म्हटलं, चप्पल लाईनला सोडा. "तिथं समदा डुप्लिकेट माल. आमच्या पाव्हण्याचा कारखाना हाय, बघा नुसतं. घ्यायलाच पायजे असं न्हाई."

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. दारात एक म्हातारे गृहस्थ चामडं ठोकत बसलेले, आत दिव्यांचा लखलखाट, भिंतीवर जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाची मोठी फ्रेम. ती मी वाचलीही नाही. हे मानांकन 2019 साली मिळालं ते कोल्हापुरी चपलेला, कुणा एका दुकानाला नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. भिंतीवर फ्रेम टांगली म्हणून खालच्या फळीवरचा माल अस्सल होत नाही. हे तेव्हा सुचलं असतं तर! लेबल 2200 चं, 'काकूंसाठी' 1600. दोन जोड घेतले. बिल मागितलं तर "मशीन बंद हाय". गाडीची वेळ होत आली होती.

घरी वडिलांनी चप्पल पायात घातलीच नाही. हातात घेऊन वाकवली, वास घेतला आणि खाली ठेवली. आठवड्यात माझ्या जोडाचा तळ सुटला आणि आतून पुठ्ठा निघाला. आमच्या नाक्यावरच्या चांभारकाकांनी शिवण दाखवली: नायलॉनचा दोरा, टाचेत खिळा. खरी कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची. तिला खिळा नसतो; शिवायचं तेही चामड्याच्याच वादीनं. दारातले आजोबा जे ठोकत होते ते बहुधा अस्सल असावं, पण विकायला ठेवलेल्या मालाशी त्याचा काही संबंध नव्हता.

तेव्हा कोल्हापूरला गेलात तर चप्पल घ्यायला आपल्या पायांनी जा. तीन-चार दुकानांत भाव विचारा, कडेची शिवण उजेडात धरून बघा, बिल मिळत नसेल तर पैसे काढू नका. खरेदी गाडीच्या वेळेला टेकवून तर ठेवूच नका. आम्हाला तिथं नेमकं शेवटी का नेलं, ते मला गाडीत बसल्यावरही कळलं नव्हतं.

रिक्षावाल्याचा नंबर होता. फोन केला. ऐकून घेतलं त्यानं सगळं, मग शांतपणे म्हणाला, "दादा, मी कुठं घ्या म्हटलं हुतं?"

नव्हतंच म्हटलं.