एक ट्रान्सड्यूसर, दोन फिश फाइंडर: दोन फाट्यांच्या केबलची फसवणूक

छोट्या फायबर होडीवर नवा फिश फाइंडर (आवाजाच्या पडसादावरून तळ आणि मासे दाखवणारं मशीन) आला, तरी जुना काढून टाकायला जीव होत नाही. नवा केबिनमध्ये, जुना पुढे, आणि पाण्यात आवाज सोडणारा व पडसाद ऐकणारा ट्रान्सड्यूसर मात्र एकच. ही अडचण हेरून दोन फाट्यांची वाय-केबल गळ्यात मारली जाते: ‘दोन्ही मशीन एकदम चालतील.’ चालत नाहीत. केबलचे पैसे तर जातातच, कधीकधी मशीनही जातं.

विक्रेता ती बंदरातच लावून दाखवतो, होडी बांधलेली आणि खाली दोन-तीन वाव (एक वाव सुमारे सहा फूट) पाणी. इतक्या उथळ पाण्यात तळाचा पडसाद जोरकस असतो. एका मशीनने सोडलेल्या ध्वनीचा पडसाद त्याच तारांतून दुसऱ्या मशीनलाही मिळतो. दोन्ही पडद्यांवर तळ उमटतो आणि सौदा पटतो.

वीस-पंचवीस वावांवर गेलं की खरं काय ते कळतं. पडद्यावर तिरक्या रेघा, मध्येच खोटा तळ, आकडा वर-खाली उड्या मारणारा. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणजे 75 मीटर खोलीवरून पडसाद परत यायला 0.1 सेकंद लागतो. तेवढा वेळ मशीन कान देऊन बसलेलं असतं. त्याच क्षणी दुसरं मशीन आपला विजेचा स्पंद (पल्स) तारेत सोडतं. स्पंद शेकडो व्होल्टचा, आणि परत येणारा क्षीण पडसाद मायक्रोव्होल्टमध्ये मोजण्याजोगा. मशीनची आतली रचना स्वतःच्या स्पंदापासून स्वतःला सांभाळते, दुसऱ्याचा स्पंद कधी येणार हे तिला माहीत नसतं. पडसाद ऐकणारा भाग, रिसीव्हर, जळतो तो इथे. त्यात मूळ प्लग कापून जोड दिलेला असेल, तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

वाय-केबल ही वस्तूच खोटी आहे असं नाही, म्हणून तर माणूस फसतो. कंपन्यांच्या खऱ्या वाय-केबल असतात, पण त्यांचं काम उलट दिशेचं: दोन सेन्सर एका मशीनला जोडणं, उदाहरणार्थ ट्रान्सड्यूसर आणि वेगळा तापमान सेन्सर. पैसे देण्याआधी मल्टिमीटर लावा. केबल मोकळी ठेवून मशीनकडच्या दोन्ही फाट्यांवरच्या त्याच क्रमांकाच्या पिना तपासा. शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) एकमेकांना जोडलेली असणं ठीक. पण क्रिस्टलच्या (ट्रान्सड्यूसरमधल्या आवाज करणाऱ्या तुकड्याच्या) दोन्ही तारांवर शून्य ओहम दाखवत असेल, तर आत सरळ समांतर जोड आहे. घेऊ नका.

दुसरी थाप होडीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क केबलची. ‘एनएमईए 2000 लावा, चित्र दुसऱ्या पडद्यावर येईल.’ त्या तारेतून खोली, तापमान, वेग असे आकडे जातात, सोनारचं चित्र जात नाही. चित्र वाटून घ्यायचं तर एकाच कंपनीची, सोनार शेअरिंग असलेली मॉडेल लागतात, आणि ती बहुधा इथरनेटने जोडतात. मॅन्युअलमध्ये दोन्ही मॉडेलांची नावं दाखवायला सांगा. तिथे नसेल, तर तोंडी खात्रीला किंमत नाही.

खरे पर्याय दोनच उरतात. पहिला, स्विच बॉक्स: एका वेळी एकच मशीन. स्विच सगळ्या तारा तोडणारा हवा, क्रिस्टलच्या दोन्ही, शील्ड, तापमान आणि ट्रान्सड्यूसरची ओळख मशीनला देणारी तारसुद्धा. आधीचा जोड पूर्ण तुटल्यावरच पुढचा लागणारा हवा. दोन्ही मशीन बंद करून स्विच फिरवा, मग हवं ते चालू करा, कारण काही मॉडेल सुरू होतानाच ट्रान्सड्यूसर ओळखतात. शिवाय ट्रान्सड्यूसर दोन्ही मशीनना चालणारा असावा: 50/200 किलोहर्ट्झचा 83/200 च्या मशीनवर लावला तर खालच्या वारंवारतेवर चित्र कमजोर येतं. फक्त प्लग जुळवणारा अडॅप्टर हे बदलू शकत नाही.

दुसरा पर्याय आम्हाला जास्त पसंत: प्रत्येक मशीनला स्वतःचा ट्रान्सड्यूसर. दोन्ही एकदम चालवायची तर एक 200 वर आणि दुसरं 50 वर ठेवा, नाहीतर एकमेकांच्या रेघा पुन्हा दिसतील. दोन्ही ट्रान्सड्यूसर एकमेकांपासून आणि इंजिनाच्या पंख्यापासून (प्रोपेलर) होता होईल तितके लांब बसवा. केबल लांब पडली तर कापू नका, गुंडाळी करून ठेवा.

बिलावर ‘दोन्ही मशीन एकाच वेळी, 20 वाव खोलीत चालतील’ असं लिहून मागा. खरी वस्तू विकणारा लिहून देतो. फसवणूक झालीच असेल, तर केबल, बिल आणि पडद्याचे फोटो जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची.