‘स्केचेस ऑफ स्पेन’ : सुरांबरोबर त्यांचे प्रसंगही जपणारा अल्बम

एखाद्या प्रदेशाच्या संगीताला मानवंदना म्हणून निघालेल्या बऱ्याच जॅझ अल्बममध्ये तिथली एखादी लोकप्रिय धून उचललेली असते आणि तिच्याखाली नेहमीचाच ठेका चालू असतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि संगीत-संयोजक गिल इव्हान्स यांचा १९६० साली कोलंबिया कंपनीने काढलेला ‘स्केचेस ऑफ स्पेन’ मला या सर्वांहून वेगळा वाटतो, कारण या दोघांनी स्पेनच्या सुरांइतकाच ते सूर ज्या प्रसंगी लागतात त्या प्रसंगांचाही विचार केला आहे.

हे सर्वांत ठळकपणे जाणवते ते ‘साएता’ या भागात. स्पेनच्या आन्दालुसिया प्रांतात ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात मिरवणूक रस्त्याने जात असताना एखाद्या सज्जातून कुणीतरी साथीशिवाय ‘साएता’ हे भक्तिगीत गाऊ लागते, मिरवणूक तेवढ्यापुरती थांबते आणि गाणे संपल्यावर पुढे निघते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारात येऊन थांबली, ढोल-ताशे शांत झाले आणि गाऱ्हाणे सुरू झाले की अंगणात जो बदल होतो, तो अनुभवलेल्या कोकणी माणसाला ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. इव्हान्स यांनी आधी ढोल आणि पितळी वाद्ये वाजत येऊ दिली आहेत, मग ती थांबवून डेव्हिसच्या ट्रम्पेटला जवळजवळ एकटे सोडले आहे. डेव्हिस इथे स्वर नेमका लावून सोडत नाही. तो स्वराच्या किंचित खालून वर येतो, मध्येच आवाज कातरा होऊ देतो आणि पुढचा श्वास घेण्याआधी रेंगाळतो. हे ट्रम्पेट नुसते वाजत नाही, ते गाते.

अल्बमची ख्याती मात्र पहिल्या, सुमारे १६ मिनिटांच्या भागामुळे आहे. बालपणीच दृष्टी गमावलेले संगीतकार होआकिन रॉद्रिगो यांनी १९३९ साली गिटार आणि वाद्यवृंदासाठी रचलेल्या ‘कॉन्सिएर्तो दे आरांहुएस’मधील हा संथ भाग आहे, आणि या ध्वनिमुद्रणात गिटारच नाही. छेडलेला स्वर लगेच विरत असल्यामुळे मूळ रचनेत गिटार नक्षीकामाने जागा भरत जाते. फुंकीच्या वाद्यावर स्वर धरून ठेवता येतो, म्हणून डेव्हिस तीच ओळ कमी स्वरांत मांडतो. रॉद्रिगोंचा मान राखून त्यांच्या रचनेला दुसरा आवाज देण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

मानुएल दे फाया यांच्या नृत्यनाट्यातून घेतलेला ‘विल ओ द विस्प’ हा छोटा भाग त्यामानाने वरवरचा आहे. शेवटचा ‘सोलेआ’ लांब असूनही सैल पडत नाही. तालवाद्यांची एकच फिरत चालू राहते आणि तिच्यावर डेव्हिस मनसोक्त वाजवतो.

फोनच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नये. ट्युबा, हार्प आणि फ्रेंच हॉर्न यांचे एकमेकांत मिसळणारे मंद स्वर त्यात हरवतात आणि इव्हान्स यांचे निम्मे काम ऐकूच येत नाही. चांगले हेडफोन पुरेसे आहेत. जॅझची सवय नसलेल्यांनी क्रम मोडून ‘साएता’पासून सुरुवात करावी आणि मग पहिल्या भागाकडे वळावे. १९९७च्या सीडी आवृत्तीत काही अधिक ध्वनिमुद्रणे आहेत, पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मूळचे पाच भागच पुरेत.