सोळा हजार ठोके आणि माझी उजवी टाच

माझ्या उजव्या टाचेवर आतापर्यंत सोळा हजार ठोके पडलेत. पहिले आठ हजार फुकट गेले, पुढच्या आठ हजारांनी काम केलं. ठोके शॉकवेव्ह नावाच्या उपचाराचे, आणि दोन्ही ठिकाणची मशीनं जवळपास एकाच जातीची होती, म्हणून हे लिहायला बसले. मी गणित शिकवते, हिशेब ठेवायची खोड आहे, तेव्हा आकडे जरा जास्त येतील.

दुखणं चौदा महिन्यांचं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ. मग भिंत धरून, पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत बाथरूमपर्यंतची यात्रा. दहा-बारा पावलांनंतर कळ बोथट व्हायची आणि चौथ्या तासाला फळ्यासमोर उभी राहिले की पुन्हा हजर. टाचेखाली सिलिकॉनचे कप झाले, बर्फाच्या बाटलीवर पाय घोळवून झाला, गोळ्या झाल्या. एक्स-रे काढला, त्यात टाचेच्या हाडाला खालून एक टोक आलेलं दिसलं. तेव्हापासून घरीदारी सगळ्यांचं निदान एकच: ‘हाड वाढलंय’. प्रत्यक्षात असं टोक टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेमध्येही दिसतं, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी एक स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. बरं वाटलं. आणि बरं वाटत असतानाच, तीन आठवड्यांनी, ‘आता कायमचा बंदोबस्त करू’ म्हणून शॉकवेव्हच्या पहिल्या ठिकाणी गेले.

आधी नावाबद्दल सांगते, कारण ‘शॉक’ ऐकून माझ्या नवऱ्यानं पायाला करंट देणार असंच गृहीत धरलं होतं. पायात वीज वगैरे काही सोडत नाहीत. मूळ कल्पना मूतखडे फोडण्याची. १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाचा मूतखडा शरीराबाहेरून सोडलेल्या लहरींनी फोडला, रुग्णाला पाण्याच्या टबात बसवून. पुढे हाडांवर आणि टेंडनवर (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) त्याचा उपयोग होतो का हे पाहिलं गेलं, आणि औषधं-यंत्रांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २००० साली जुनाट टाचदुखीसाठी अशा पहिल्या यंत्राला मान्यता दिली.

आता यात दोन प्रकार आहेत आणि जाहिरातीत दोघांनाही एकच नाव असतं. फोकस्ड प्रकारात लहर आत ठरावीक खोलीवर एकवटते. रेडियल प्रकारात हातात धरायच्या नळीत दाबाच्या हवेनं एक छोटा धातूचा तुकडा पुढे फेकला जातो, तो टोकाच्या टोपीवर आपटतो आणि तो धक्का त्वचेतून आत जातो. स्ट्रायकर सोंगटीवर बसतो आणि जोर सोंगटी घेऊन जाते, तसं. यात सगळ्यात जास्त जोर त्वचेपाशीच असतो आणि खोल जाताजाता तो पसरून कमी होतो. काटेकोर बोलायचं तर रेडियलमधली लहर खरी शॉकवेव्ह नव्हेच, ती दाबाची लहर. टाचेसारख्या वरवरच्या जागेला ती चालते. पण समोरच्याला ‘तुमचं मशीन यातलं कुठलं?’ एवढं तरी सांगता यायला हवं. पहिल्या ठिकाणी मला उत्तर मिळालं, ‘एकदम लेटेस्ट आहे, मॅडम.’

तिथे सहा बैठकांचं पॅकेज होतं, पैसे आधी. पाय कुणी हातात धरून पाहिलाच नाही. एक्स-रे दिव्यासमोर धरला, हाडाच्या टोकावर बोट ठेवलं, ‘हे आपण मोडून टाकू.’ (मोडत नाही. टोक आजही आहे.) मग एका मुलानं टाचेला जेल लावलं, आकडे दाबले आणि हँडपीस टाचेखाली गोल गोल फिरवत राहिला. दर सेकंदाला दहा ठोके, एकूण दोन हजार, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. त्यातली निम्मी तो दाराकडे बघत होता. मला फारसं काही दुखलं नाही आणि मी मूर्खासारखी खूश झाले. दुखलं नाही म्हणजे छान मशीन!

पहिल्या दोन बैठकांनंतर टाच मस्त होती. तिसरीनंतर कुरकुर सुरू झाली, चौथीच्या सुमाराला सगळं मूळपदावर. वर्गात एखाद्या मुलानं एकाच वेळी दोन राशी बदलून निष्कर्ष काढला असता तर मी वहीवर लाल रेघ मारली असती. इथे मी स्वतः तेच केलं होतं. सुरुवातीचा आराम इंजेक्शनचा होता, तो उतरला आणि ठोक्यांची कमाई शून्य निघाली. शिवाय इंजेक्शननंतर इतक्या लवकर हे करायचंच नसतं. स्टिरॉइडनं टाचेखालचा पट्टा काही काळ नाजूक होतो, म्हणून साधारण सहा आठवडे थांबायला सांगतात. इंजेक्शन घेतलंय का, हे मला तिथे कुणी विचारलंच नव्हतं.

पाचव्या बैठकीला मी गेले नाही. दोन महिने नुसते वैतागून काढले.

दुसऱ्या ठिकाणी एका सहकारी शिक्षिकेनं ढकलून पाठवलं. तिथली फिजिओथेरपिस्ट माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. पहिल्या दिवशी तिनं मशीन सुरूच केलं नाही. प्रश्न मात्र भरपूर: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, इंजेक्शन कधी घेतलं, कुठे गाठ किंवा जंतुसंसर्ग, पेसमेकर, गरोदरपण (सत्तेचाळीसाव्या वर्षी हा प्रश्न ऐकून मी हसले, ती हसली नाही). मग मला पालथं झोपवून पायाचा अंगठा वर ओढून धरला आणि टाचेच्या तळाला आपल्या अंगठ्यानं दाब देत इंच इंच पुढे सरकली. ‘इथे?’ नाही. ‘इथे?’ थोडंसं. आणि मग टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे टाच संपून कमान सुरू होते तिथे अंगठा आला आणि मी खाटेवरून अर्धी उठले. तिनं शांतपणे पेन काढलं आणि तिथे एक फुली मारली. मी वर्षभर ज्या जागेवर बर्फ घोळवत होते ती जागा त्या फुलीपासून चांगली दोन बोटं मागे होती.

तिचं म्हणणं असं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड पट्टा ताणलेला असतो, प्लांटार फॅशिया. दुखणं नवं असतं तेव्हाची गोष्ट वेगळी, पण महिनोन्‌महिने चाललेल्या दुखण्यात तिथे सूज कमी आणि झीज जास्त असते. धागे विस्कटलेले असतात आणि दुरुस्तीचं काम अर्ध्यावर सोडून दिलेलं असतं. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शनं तात्पुरती चालतात. ठोक्यांनी त्या जागेला पुन्हा थोडं डिवचायचं, म्हणजे पेशी जाग्या होतात, आणि दुखण्याचे संदेश नेणाऱ्या नसाही काही काळ थंडावतात. ‘पण ताई, मशीन फक्त दार वाजवतं,’ ती म्हणाली. ‘दुरुस्ती तुमच्या व्यायामानं होणार.’ मला वाटलं हे सगळेच म्हणतात.

प्रत्यक्ष बैठक. काँप्रेसरची घरघर आणि त्यावर टकटकटकटक, लाकडावर चोच मारणारा पक्षी चिडल्यासारखी. दाब दीड बारपासून सुरू. नळी फुलीवर आली आणि हाडातून दातापर्यंत झिणझिणी गेली. ‘दहापैकी किती?’ सात, मी म्हणाले. तिनं दाब कमी केला. ‘आता?’ पाच. ‘पाचवर राहू.’ पाचशे ठोके होईस्तोवर पाच आकड्याचे तीन झाले, जागा जरा बधिरल्यासारखी वाटली, तेव्हा तिनं दाब चढवला आणि नळी केसभर पुढे सरकवली. ‘इथेच!’ मी ओरडले. सगळा वेळ हे असंच. ती विचारतेय, मी आकडा सांगतेय, आणि त्या आकड्यांवरून ती जागा शोधतेय. शेवटच्या बैठकीपर्यंत अडीच बारवर पोचलो. मी विचारलं, सुन्न करून का नाही करत? तर म्हणाली, सुन्न करून केलेल्यांना फायदा कमी झाल्याचं अभ्यासात दिसलंय, आणि सुन्न केलं तर ‘इथेच’ कोण सांगणार? पहिल्या ठिकाणी काही दुखलं नव्हतं त्याचा अर्थ तेव्हा मला लागला.

एकूण चार बैठका, आठवड्यातून एक. प्रत्येक वेळी तेच दोन हजार. त्या रात्री टाच ठणकायची, कातडी लालसर व्हायची, दुसऱ्या सकाळी तर आधीपेक्षा वाईट. बर्फ लावायचा नाही, सूज उतरवणाऱ्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, फारच झालं तर पॅरासिटामॉल. दोन दिवस धावपळ, उड्या बंद. हे सगळं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून निभावलं, नाहीतर पहिल्याच रात्री मी तिलाही शिव्या घातल्या असत्या.

व्यायामाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते निम्मे गुण त्याचे. टॉवेलची गुंडाळी करून पायरीच्या कडेवर ठेवायची. त्यावर पायाची बोटं, टाच पायरीबाहेर अधांतरी. टॉवेलमुळे बोटं वर वळतात आणि तो पट्टा ताणला जातो. मग एकाच पायावर तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद तिथेच, तीन सेकंदांत खाली. असे बारा, तीन फेऱ्या, एक दिवस सोडून. वाचायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी माझी पोटरी सातव्यालाच थरथरायला लागली आणि जिन्याचा कठडा धरून मी एकटीच हसत सुटले. जमायला लागलं तशी पाठीवर दप्तर घेतलं, दप्तरात पुस्तकं वाढवत गेले. नववीच्या वह्यांचा गठ्ठा पहिल्यांदाच कामी आला.

चार बैठका संपल्या आणि टाच जवळपास तशीच होती. आठवरून सहावर आली असेल. मी पाचवी मागितली. गिऱ्हाईक स्वतःहून पैसे द्यायला तयार असताना ही बाई म्हणाली, ‘नको. आता वाट बघायची. खरा फरक सहा ते बारा आठवड्यांत दिसतो.’ मनात म्हटलं, झालं, हेही गेलं.

शेवटच्या बैठकीनंतरच्या सातव्या आठवड्यात एका सकाळी दात घासताना लक्षात आलं की मी बेसिनपर्यंत आले कशी, ते मला आठवतच नाहीये. भिंत धरली नव्हती. पुन्हा पलंगावर जाऊन बसले आणि पाय टेकवून पाहिला. कळ होती, पण लांबून कुणी हाक मारावी एवढीच. बाराव्या आठवड्यात आकडा दोनवर होता. आज पाच तास उभी राहून शिकवते आणि टाचेची आठवण संध्याकाळी चपला काढताना येते.

आता माझ्यातल्या गणिताच्या बाईचं म्हणणं. मी पुन्हा दोन राशी एकदम बदलल्या आहेत: ठोके आणि व्यायाम. शिवाय टाचदुखी पुष्कळांची नुसत्या काळानंही जाते. अभ्यासांचे निकालही एका सुरात नाहीत. २००२ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका चाचणीत खरं मशीन आणि खोटं मशीन यांत टाचदुखीवर फरकच दिसला नाही, नंतरच्या काही चाचण्यांत दिसला. टेनिस एल्बोचं, म्हणजे कोपराच्या दुखण्याचं, तर त्याहून डळमळीत. पोटरीच्या खालच्या अकिलीस टेंडनवर मात्र २००९च्या एका चाचणीत नुसत्या व्यायामापेक्षा व्यायाम अधिक शॉकवेव्ह सरस ठरलं. माझा अनुभव या शेवटच्या निकालाशी जुळतो म्हणून मला तो आवडतो, हेही कबूल करते. ज्या सहकारी बाईंनी मला पाठवलं त्यांच्या खांद्यात कॅल्शियम साठलं होतं. त्यांना फोकस्ड प्रकारचं केलं आणि त्यांच्या मते ते टाचेपेक्षा दुप्पट दुखतं. त्यांनी माझी टाच अनुभवलेली नाही, पण असो.

गुण: दुसऱ्या ठिकाणाला दहापैकी साडेआठ. दीड गुण कापला तो वेळेबद्दल, चारपैकी तीनदा अर्धा तास ताटकळले, आणि दुखऱ्या टाचेच्या लोकांसाठी बाहेर खुर्च्या तीनच. मशीनला सहा. पहिल्या ठिकाणाला शून्य देणार होते, पण त्यांचं जेल कोमट होतं, दुसऱ्यांचं गारेगार, म्हणून एक.

त्या पॅकेजमधल्या उरलेल्या दोन बैठकांचे पैसे मी परत मागितले. म्हणाले, पैसे परत मिळत नाहीत, पण घरातल्या कुणालाही वापरता येतील. घरात सध्या दुसऱ्या कुणाची टाच दुखत नाही. नवऱ्याला विचारलं, तो अजूनही करंटला घाबरतो.