एप्रिल-मे कुठे काढावा: नागपूर, मुंबई, पुणे की कोकण?

मार्च सरत आला की अनेक घरांत हा प्रश्न निघतो. आईवडील नागपूरला किंवा अकोल्याला, एक मूल मुंबईत, दुसरं पुण्यात, कुणाचं मूळ घर कोकणात. "उन्हाळ्यात तुम्ही इकडेच या" असा आग्रह सगळीकडून होतो. बातम्यांत नागपूर 44 आणि मुंबई 34 असे आकडे दिसले की निर्णय झाल्यासारखाच वाटतो. पण सत्तरीच्या माणसाचा मुक्काम या दोन आकड्यांवर ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. दुपारचा पारा किती चढतो याच्या जोडीला हवेत पाण्याची वाफ किती आणि रात्री घर किती निवतं, हे बघायलाच हवं. म्हाताऱ्या शरीराला दिवसभराच्या उष्म्यातून सावरायला रात्रच मिळते.

अंगावरचा घाम वाळतो तेव्हा तो शरीराची उष्णता घेऊन जातो. हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. मे महिन्यातली नेहमीची दुपार घ्या. नागपुरात 43 अंश आणि 15 टक्के आर्द्रता, मुंबईत 34 अंश आणि 65 टक्के. हिशेब केला तर मुंबईच्या हवेत नागपूरच्या अडीचपटीहून जास्त वाफ निघते. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर नागपुरात पारा 23 च्या आसपास उतरेल, मुंबईत 28 च्या खाली जाणार नाही. म्हणजे पाणी आणि वारा हाताशी असेल तर गारवा मिळण्याची शक्यता नागपुरात जास्त. हे "असेल तर" मात्र फार महत्त्वाचं आहे, त्याकडे येतोच.

टक्क्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. मोबाइलवर पहाटे पुण्याची आर्द्रता 60 टक्के दिसते आणि लोक म्हणतात, यंदा पुणंही दमट झालं. पहाटेच्या 20 अंशांवरचे 60 टक्के आणि दुपारच्या 38 अंशांवरचे 20 टक्के यांत वाफ जवळपास सारखीच असते. टक्केवारी तापमानाबरोबर खालीवर होते. त्यापेक्षा दवबिंदू बघावा, म्हणजे हवा किती अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा; बहुतेक हवामान ॲपमध्ये तो 'ड्यू पॉइंट' या नावाने असतो. तो 15 च्या खाली असला की हवा कोरडी, 20 च्या पुढे चिकचिक सुरू, आणि 25 ला पोचला की पंख्याखालीही बनियन भिजतं. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात तो 25 च्या आसपासच असतो.

मे महिन्याचं साधारण चित्र असं (आकडे ढोबळ आहेत, वर्षागणिक हलतात):

| ठिकाण | दुपार | पहाट | हवा |
|---|---|---|---|
| नागपूर | 42–43 | 27–28 | अतिशय कोरडी |
| छत्रपती संभाजीनगर | 39–40 | 24–25 | कोरडी |
| पुणे | 37–38 | 22–23 | कोरडी, मेअखेर थोडी दमट |
| मुंबई | 33–34 | 27 | दमट |
| रत्नागिरी | 32–33 | 26 | दमट |
| महाबळेश्वर | 31–32 | 19–20 | सुखद |

पहाटेचा रकाना नीट बघा. नागपूर आणि मुंबईत दुपारी जवळपास दहा अंशांचं अंतर आहे, पहाटे ते एखाद्या अंशावर येतं. आणि मुंबईची पहाटही घामाचीच असते.

आता नागपूर. मार्च आणि एप्रिलचा पूर्वार्ध तिथे घर सोडून जाण्याचं काही कारण मला दिसत नाही. दुपारी ऊन कडक असतं, पण रात्री बऱ्या असतात आणि कूलर उत्तम चालतो. कूलरची सगळी करामत कोरड्या हवेवर आहे. बाहेर 43 अंश असताना चांगला कूलर खोलीत 27–28 अंशांची हवा फेकू शकतो. त्यासाठी तो खिडकीत बाहेरून बसवलेला हवा, म्हणजे ताजी कोरडी हवा ओढेल. आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी हवी, म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. अनेक घरांत कूलर खोलीच्या आत ठेवून दारं बंद करतात. तासाभरात तीच हवा ओलीचिंब होते, अंथरूण गार आणि चिकट लागतं, आणि दोष कूलरला मिळतो. दर हंगामाला कूलरच्या ताट्या, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या गवताच्या जाळ्या, बदलाव्यात. वाळ्याच्या ताट्या घेतल्या तर तो वासच अर्धा उन्हाळा सोसून देतो. टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसावं, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

विदर्भातल्या कोरड्या उन्हाचा धोका वेगळा आहे. घाम येतो आणि तत्क्षणी उडून जातो, त्यामुळे आपण किती पाणी गमावलं ते कळतच नाही. वय झाल्यावर तहानही कमी लागते. ओठ फुटतात, घोळणा फुटतो, लघवी पिवळी होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर एप्रिल लागण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या, हे मी कळकळीने सांगतो. आणि चाळिशीपार गेलेल्या खोलीत नुसता पंखा लावून बसू नये. तो गरम हवाच अंगावर मारत राहतो. गच्चीखालचा सर्वांत वरचा मजला असेल तर स्लॅब रात्री दोनपर्यंत धगधगतो. अशा घरात मे महिना काढू नका, कूलर असला तरी.

मुंबईची गंमत समुद्रावर आहे. दुपारी खारे वारे वेळेवर आले तर पारा 33–34 वर थांबतो. पूर्वेकडून जमिनीचे वारे जोर धरून बसले आणि खारे वारे उशिरा आले तर मार्चमध्येच तो 38–40 पर्यंत चढतो. हवामान खातंही सगळीकडे एकच पट्टी लावत नाही: उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांना सुरू होतो, किनाऱ्यावर 37 ला आणि डोंगराळ भागात 30 ला, त्याशिवाय सहसा तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असावं लागतं. नवी मुंबईत खारघरला 16 एप्रिल 2023 च्या जाहीर कार्यक्रमात उघड्या मैदानावर बसलेल्या लोकांपैकी 14 जण उष्माघाताने गेले. किनाऱ्याजवळचं ऊन सौम्य असतं असं मानणाऱ्यांनी हा दिवस विसरू नये.

मुंबईच्या घरात दमटपणा स्वयंपाकघरातच दिसतो. मीठ पाझरतं, उघडी राहिलेली बिस्किटं सादळतात, नागपुरात एका उन्हात कडक होणारं वाळवण इथे दोन-तीन दिवस मऊच राहतं. कूलर इथे घेऊच नका. तो खोलीत अजून ओलावा ओततो. आईबाबांना मुंबईत आणायचं तर त्यांच्या झोपायच्या खोलीत एसी हवा, आणि बिलाच्या धाकाने तो बंद करणार नाहीत अशी समजूतही घालायला हवी. 26 अंशांवर एसी आणि हळू पंखा एवढं पुरतं, कारण एसी हवेतली वाफही काढतो. फक्त हॉलमध्ये एसी आणि त्यांना आतली कोंदट खोली, अशी व्यवस्था असेल तर त्यांचा मुक्काम नागपुरात कूलरखालीच जास्त आरामात होईल.

पुणे आणि नाशिक मला या यादीत सर्वांत भरवशाचे वाटतात, आणि कारण रात्रीचं आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये दुपारी 38–39 असलं तरी कोरड्या, निरभ्र आकाशाखाली जमीन भराभर निवते आणि पहाटे 20–21 होतं. मात्र पुणं सगळीकडे सारखं नाही. पाषाणसारख्या झाडी-टेकडीच्या भागात पहाट गार असते, तर मगरपट्टा, कोरेगाव पार्क इथे रात्रीचा पारा त्याहून बराच वर राहतो. मुलीचा फ्लॅट कुठे आहे यावर निर्णय बदलू शकतो. एप्रिलअखेर आणि मेमध्ये वळवाचे पाऊस येतात. त्याआधीचे दोन-तीन तास घुसमटीचे असतात, पण सर पडली की संध्याकाळ सुटते. पहाटे आणि रात्री खिडक्या सताड उघड्या, सकाळी नऊनंतर खिडक्या-पडदे बंद, एवढ्यावरही बरंच भागतं.

कोकणात जायचं तर कोकणात नेमकं कुठे, हे आधी विचारा. देवगड, वेंगुर्ले, रत्नागिरी इथे समुद्राचा वारा असतो. कौलारू घर आणि भोवती आंब्या-फणसाची सावली असेल तर दिवस छान जातो. महाड, चिपळूण, कर्जत सह्याद्रीच्या पायथ्याशी, तिथे वारा पोचेपर्यंत दमतो आणि हवा तापतेही, कोंदतेही. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याचा पारा मार्च 2017 मध्ये 46 च्या वर गेला होता. विजेचाही विचार करा. गावात वीज गेली आणि पंखा थांबला की 26 अंशांची दमट रात्र वयस्कर माणसाला फार जड जाते. गोव्याची हवा सिंधुदुर्गासारखीच, वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

मराठवाड्यात कोरडेपणा कूलरच्या सोयीचा, पण पाणी कुठलं? एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. टँकरच्या गावात कूलरची टाकी रोज भरणं परवडत नाही. जळगाव-भुसावळ पट्टा नागपूरच्याच जातीचा. महाबळेश्वर आठवड्याला उत्तम, दोन महिन्यांना खर्चिक, आणि चढउताराचं. विदर्भातल्यांना चिखलदरा जवळ पडतो. मुलगा बेंगळुरूत असेल तर 900 मीटरहून जास्त उंचीचा फायदा आहेच, तरी 2024 च्या एप्रिलमध्ये तिथेही पारा 38 च्या पुढे गेला होता.

माझी निवड अशी: एप्रिलच्या मध्यापर्यंत नागपूरचंच घर, मग पुणे किंवा नाशिक, मुंबई एसीची खोली पक्की असेल तरच. परतीचं तिकीट मात्र घाईने काढू नका. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपला, रेडिओवर मान्सून केरळात आला म्हणून सांगितलं, की लोक नागपूरला निघतात. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला पोचतो, विदर्भात त्यानंतर काही दिवसांनी. त्या मधल्या दिवसांत तिथे पारा चाळिशीतच असतो आणि हवेत वाफ शिरलेली असते, त्यामुळे कूलर निकामी होतो आणि रात्रीही सुटका नसते. विदर्भाच्या उन्हाळ्यातला हा सर्वांत त्रासाचा काळ. परतीचं तिकीट जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतरचं काढा, आणि निघण्याआधी तिकडे दोन-तीन दमदार पाऊस झाले का, ते शेजाऱ्यांना फोन करून विचारा.