वेबहुकला कुलूप कुठलं लावायचं? टोकन, सही की आयपी यादी, आणि ते लावायचं कुठे

रत्नागिरीत मावसभावाचं आंब्याच्या पेट्यांचं काम आहे. ऑर्डर वेबसाइटवर येते, पैसे ऑनलाइन येतात, आणि पैसे आले की शीटमध्ये ओळ पडायला हवी, पॅकिंगवाल्या दादांना व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जायला हवा, पेटीवरचा पत्ता छापून निघायला हवा, आणि हे सगळं कोणी हात न लावता. त्यासाठी वेबहुक, म्हणजे पेमेंट कंपनीचा सर्व्हर आपल्या एका यूआरएलवर निरोप टाकतो आणि पुढची साखळी सुरू होते. अडचण अशी की तो यूआरएल इंटरनेटवर उघडा असतो, तिथे निरोप कोणीही टाकू शकतं, आणि "पैसे आले" हा खोटा निरोप खरा धरला तर पाच डझनाची पेटी फुकटात गाडीवर चढते. म्हणून निरोप खरा कसा ओळखायचा ते आधी ठरवा, मग ते ओळखायचं काम कुठे करायचं ते.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे यूआरएलमध्येच लांबलचक, ओळखता न येणारी अक्षरं ठेवायची आणि तो कोणाला सांगायचा नाही. सेटअप शून्य. पण यूआरएल ही लपून राहणारी वस्तूच नाही, तो सर्व्हरच्या लॉगमध्ये पडतो, मदत मागताना टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसतो, कोणाला वर्कफ्लो एक्स्पोर्ट करून दिला की त्यात जातो. टीमच्या ग्रुपवर "नवीन फॉर्म भरला गेला" एवढंच सांगायचं असेल तर चालेल, पैशाला किंवा मालाला हात लागत असेल तर माझ्या मते बिलकुल नाही.

त्याच्या वरची पायरी हेडरमधलं टोकन, म्हणजे निरोपाच्या पाकिटावरच्या माहितीत (हेडर) लिहिलेला परवलीचा शब्द. कोड ठेवायच्या गिटलॅब या सेवेवर ते सीक्रेट टोकन म्हणून मिळतं, टेलिग्रामच्या बॉटलाही वेबहुक लावताना देता येतं. प्रत्येक निरोपासोबत तोच ठरलेला शब्द हेडरमध्ये येतो, तुम्ही तो जुळवायचा, नाही जुळला तर निरोप नाकारायचा. लॉगमध्ये हेडर सहसा पडत नाहीत म्हणून यूआरएलपेक्षा नक्कीच बरं. उणीव दोन. तो शब्द दर वेळी जसाच्या तसा प्रवास करतो, म्हणजे एकदा फुटला की फुटला, आणि तो फक्त पाठवणारा ओळखतो, आतला मजकूर कोणी बदललाय का हे त्यातून कळत नाही.

आता सही, म्हणजे एचमॅक. इथे सीक्रेट, म्हणजे गुप्त शब्द, दोघांकडे असतं पण ते कधीच प्रवास करत नाही. पाठवणारा आख्खा मजकूर आणि सीक्रेट मिळून एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने एक सही काढतो आणि ती हेडरमध्ये टाकतो, आपण आपल्या बाजूला तेच गणित करतो, जुळलं तर निरोप खरा आणि मजकूरही जसाच्या तसा. रेझरपे आणि स्ट्राइप (पेमेंट), गिटहब (कोड ठेवायला), शॉपिफाय (ऑनलाइन दुकान) सगळे हेच वापरतात, फरक तपशिलात: गिटहब सही हेक्समध्ये देतं आणि आधी "एसएचए२५६" आणि बरोबरचं चिन्ह असा उपसर्ग लावतं, शॉपिफाय बेस६४ मध्ये देतं (दोन्ही सही अक्षरांत लिहायच्या पद्धती). तुलना करताना साधं बरोबरचं चिन्ह नको, पायथनमध्ये कम्पेअर डायजेस्ट, पीएचपीत हॅश इक्वल्स, नोड जेएसमध्ये टायमिंग सेफ इक्वल वापरा, म्हणजे किती अक्षरं जुळली हे लागलेल्या वेळेवरून बाहेरच्याला कळत नाही.

इथे मी स्वतः दोन रात्री घालवल्यात म्हणून जरा थांबून सांगतो. माझा कोड आलेला जेसन (माहिती लिहायची ठरलेली मांडणी) आधी उलगडायचा, परत स्ट्रिंग, म्हणजे सलग मजकूर, करायचा आणि त्यावर सही काढायचा. इंग्रजीत नाव लिहिलेल्या ऑर्डर धडाधड पास होत होत्या, मराठीत नाव लिहिलेल्या सगळ्या नापास! कारण पाठवणाऱ्या सिस्टिमने "सुनीता" हे नाव युनिकोडच्या आकडी कोडात पाठवलेलं, माझ्या कोडने परत स्ट्रिंग करताना त्याची खरी देवनागरी अक्षरं केली, बाइट बदलले की सही बदलली. चूक माझीच, सही नेहमी कच्च्या बॉडीवर, म्हणजे मजकूर आला तसाच धरून, काढायची, उलगडायचं नंतर. आपल्याकडे नावं-पत्ते देवनागरीत येणारच, त्यामुळे टेस्ट करताना एक तरी ऑर्डर मराठीत टाकून बघाच.

आयपी यादी, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्यांची यादी, हिच्याबद्दल लोक फार विचारतात. गिटहब आपली यादी एपीआयवर (प्रोग्रामने माहिती विचारायच्या खिडकीवर) देतं, काही पेमेंट कंपन्याही देतात, ती फायरवॉलला लावायची आणि बाकी सगळ्यांना दार बंद. ऐकायला भक्कम, पण यादी बदलते आणि आपण विसरलो की एका सकाळी खरे निरोपच बंद, शिवाय मध्ये क्लाउडफ्लेअरसारखा मध्यस्थ सर्व्हर (प्रॉक्सी) असेल तर सर्व्हरला दिसणारा आयपी त्याचाच असतो. सहीच्या जोडीला लावा, सहीऐवजी नको. दोन्हीकडून सर्टिफिकेट तपासायचा एमटीएलएस हा प्रकार बँकांसारख्या मोठ्या ठिकाणी ठीक, छोट्या धंद्याला त्याची देखभाल झेपत नाही.

सही लावली तरी एक भोक राहतं. खरा निरोप कोणाच्या हाती लागला आणि त्याने तोच परत टाकला, तर सही जुळणारच. स्ट्राइप सहीतच वेळ गुंफतं आणि त्यांच्या लायब्ररी पाच मिनिटांपेक्षा जुना निरोप नाकारतात, हे मला सगळ्यात आवडतं. रेझरपे आणि गिटहबची सही फक्त बॉडीवर असते, त्यामुळे तिथे आपणच नोंद ठेवायची. रेझरपे हेडरमध्ये इव्हेंट आयडी देतं, नेहमीचे डुप्लिकेट गाळायला तो छान आहे, पण हेडरवर सही नसते, म्हणून मी बॉडीतला पेमेंट आयडी आणि इव्हेंटचं नाव मिळून नोंद ठेवतो. डुप्लिकेट तसेही येतातच, कारण ५ सेकंदांत उत्तर गेलं नाही की रेझरपे परत पाठवतं, २४ तास प्रयत्न करतं आणि तरीही जमलं नाही तर वेबहुकच बंद करून टाकतं. गिटहब १० सेकंद थांबतं आणि फसलेला निरोप आपणहून परत पाठवत नाही. थोडक्यात सही तपासा, नोंद करा, लगेच २०० (निरोप मिळाला असा उत्तराचा कोड) द्या, पत्ता छापणं वगैरे मागून.

आता हे करायचं कुठे. झॅपिअर, म्हणजे कोड न लिहिता सेवा एकमेकींना जोडायची वेबसाइट, सगळ्यात पटकन उभं राहतं, पण वेबहुकचा भाग फुकट प्लॅनमध्ये नाही, आणि यूआरएलवर काहीही आलं तरी आधी २०० जातं, तपासणी नंतर. कॅच रॉ हुक (कच्ची बॉडी देणारा पर्याय) घेऊन पुढे कोडची पायरी टाकून सही जुळवता येते, पण एवढं करणार असाल तर सोपेपणाच गेला.

एन८एन हे तसंच साखळी जोडायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर टाकलं तर हातात बरंच येतं. वेबहुक नोडमध्ये (साखळीतल्या वेबहुकच्या पायरीत) बेसिक, हेडर आणि जेडब्ल्यूटी ऑथ (ओळख तपासायचे प्रकार) तयारच आहे, म्हणजे टोकनवाला प्रकार दोन मिनिटांत. सहीसाठी मात्र रॉ बॉडीचा पर्याय चालू करून क्रिप्टो नोडने एचमॅक काढावा लागतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, सर्व्हरवर बाहेरच्यांसाठी फक्त वेबहुकचा रस्ता उघडा ठेवा, एडिटरचं पान नको. तिथे तुमच्या सगळ्या खात्यांच्या चाव्या आहेत.

मी शेवटी तिसरा मार्ग घेतला, पुढे एक छोटा दारवान. क्लाउडफ्लेअर वर्करमध्ये (त्यांच्या सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) तीसेक ओळींचा कोड, तो सही तपासतो, खोटं असेल तर तिथूनच ४०१ (परवानगी नाही असा कोड), खरं असेल तर हेडर टोकन लावून एन८एनला पाठवतो. फुकट प्लॅनमध्ये दिवसाला १ लाख रिक्वेस्ट बसतात, हापूसच्या ऐन सीझनलाही आम्ही त्याच्या जवळपास जात नाही.

तर कोड येतच नसेल आणि काम नुसतं नोटिफिकेशनचं असेल तर झॅपिअर घ्या. पाठवणारा सहीच देत नसेल तर एन८एन आणि हेडर टोकन. पैसे, माल किंवा कोणाची खाजगी माहिती असेल तर सही हवीच, वर्करमध्ये किंवा एन८एनमध्ये, आणि पेटी निघण्याआधी पेमेंट आयडीने कंपनीच्या एपीआयला एकदा उलटं विचारून घ्या, खरंच जमा झालेत का.

सीक्रेट बदलताना घाई करू नका. रेझरपेच्या बाबतीत जुने अडकलेले निरोप परत येतात ते जुन्याच सीक्रेटच्या सहीने, म्हणून बदलल्यावर एक दिवस तरी कोडमध्ये दोन्ही सीक्रेट ठेवा, आधी नवीन बघा, नाही जुळलं तर जुनं, आणि दुसऱ्या दिवशी जुनं काढायची आठवण फोनमध्ये आत्ताच लावून ठेवा.